काटारीना ब्लूमची गेलेली अब्रू (कादंबरी आणि चित्रपट)

काटारीना ब्लूमची गेलेली अब्रू (मूळ जर्मन शीर्षक: दी फेरलोरेने एरे डेर काटारीना ब्लूम) ही नोबेल पारितोषिक विजेते जर्मन लेखक हाइनरिश ब्योल यांची १९७४ साली प्रसिद्ध झालेली लघुकादंबरी आहे. हिंसा कशी निर्माण होते आणि ती कोठवर नेऊ शकते, या आशयाचे उपशीर्षक तिला जोडलेले आहे. पुढच्याच वर्षी फोल्कर श्लोनडोर्फ आणि मार्गारेथे फॉन ट्रोटा या दिग्दर्शकद्वयाने तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट काढला. एका निरपराध स्त्रीच्या खासगी आयुष्यावर खपाच्या मागे लागलेले वर्तमानपत्र आणि पोलीस यंत्रणा यांनी मिळून केलेले आक्रमण आणि त्यातून घडलेला खून, हा या दोन्ही कृतींचा विषय आहे. युद्धोत्तर जर्मन साहित्य व त्यावरील चित्रपट यांनी केलेल्या समाजटीकेचे हे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरणांपैकी एक मानले जाते.

शीर्षकातील 'एरे' या जर्मन शब्दात मान, प्रतिष्ठा आणि अब्रू या तिन्ही छटा सामावलेल्या आहेत. फ्रीडरिश शिलर यांच्या अठराव्या शतकातील, अब्रू गेल्यामुळे गुन्हेगार बनलेल्या माणसाच्या कथेची आठवणही हे शीर्षक करून देते.

पार्श्वभूमी

हाइनरिश ब्योल यांचा जन्म २१ डिसेंबर १९१७ रोजी कलोन येथे एका कॅथलिक कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात सक्तीने सैनिक म्हणून राबल्यानंतर ते उद्ध्वस्त कलोनमध्ये परतले. युद्धानंतरच्या पिढीतील लेखकांच्या 'ग्रुपे ४७' या मंडळाचे पारितोषिक त्यांना १९५१ साली मिळाले. सुरुवातीच्या कथांतून त्यांनी सैनिक, विधवा, भुकेलेले नागरिक आणि ढिगाऱ्यांत उभे राहू पाहणारे संसार रंगवले. पन्नाशीच्या दशकात पश्चिम जर्मनीची आर्थिक भरभराट झाली. त्या भरभराटीच्या झगमगाटात नाझी भूतकाळाचा सोयीस्कर विसर पडत चालला आहे, ही त्यांची कायमची तक्रार राहिली. १९७२ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनीचे वातावरण तापलेले होते. २ जून १९६७ रोजी बर्लिनमधील निदर्शनात बेन्नो ओनेझोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीने मारला गेला. ११ एप्रिल १९६८ रोजी विद्यार्थी नेते रूडी डुच्के यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. या हल्ल्यामागे आक्सेल श्प्रिंगर यांच्या वृत्तपत्रसमूहाने पेटवलेला द्वेष आहे, असा विद्यार्थ्यांचा आरोप होता. श्प्रिंगर यांनी १९५२ साली सुरू केलेले 'बिल्ड' हे दैनिक मोठे मथळे, मोठी छायाचित्रे आणि अल्प मजकूर यांसाठी ओळखले जात होते. सत्तरीच्या दशकात त्याचा खप चाळीस लाखांच्या आसपास होता. दुसरीकडे, आंद्रेआस बाडर आणि उलरिके माइनहोफ यांच्या गटाने, म्हणजे 'रेड आर्मी फॅक्शन'ने, शस्त्रे हाती घेतली होती. जानेवारी १९७२ मध्ये सरकारने काढलेल्या फर्मानानुसार सरकारी नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांची राज्यघटनेवरील निष्ठा तपासली जाऊ लागली.

डिसेंबर १९७१ मध्ये काइझर्सलाउटर्न येथील बँकेवर दरोडा पडला व त्यात एक पोलीस मारला गेला. तपास पुरा होण्याआधीच 'बिल्ड'ने हे कृत्य बाडर-माइनहोफ टोळीचे असल्याचे मथळ्यात जाहीर करून टाकले. या मथळ्याने संतप्त झालेल्या ब्योल यांनी १० जानेवारी १९७२ रोजी 'डेअर श्पीगेल' या साप्ताहिकात लेख लिहिला. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वीच निकाल देणारी पत्रकारिता म्हणजे झुंडीला दिलेली चिथावणी होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. लेखाचे शीर्षक मात्र साप्ताहिकाने स्वतःचे दिले आणि त्यात माइनहोफ यांचा उल्लेख केवळ पहिल्या नावाने केला. त्यामुळे लेखक दहशतवाद्यांशी सलगीने बोलतो, असा समज पसरला. ब्योल यांच्यावर दहशतवाद्यांचा सहानुभूतिदार असा शिक्का बसला. १ जून १९७२ रोजी, ज्या दिवशी फ्रांकफुर्टमध्ये बाडर पकडला गेला त्याच दिवशी, आयफेल डोंगराळ भागातील लांगेनब्रोइश येथील ब्योल यांच्या घराला पोलिसांनी वेढा घालून झडती घेतली. हीच कादंबरीची जन्मभूमी होय.

कथानक

कादंबरीचा मुख्य घटनाक्रम २० ते २४ फेब्रुवारी १९७४ या पाच दिवसांत, ऱ्हाइनलंडातील कार्निव्हलच्या धामधुमीत घडतो. सत्तावीस वर्षांची काटारीना ब्लूम ही ह्यूबर्ट ब्लोर्ना हे वकील व त्यांची वास्तुरचनाकार पत्नी ट्रूडे यांच्याकडे घरकाम सांभाळते. ती घटस्फोटित आहे. कष्टाळू, हिशेबी आणि स्वभावाने इतकी संकोची की ओळखीचे लोक तिला थट्टेने जोगीण म्हणतात. कर्ज काढून तिने स्वतःचे छोटे घर घेतले आहे.

बुधवारी संध्याकाळी एल्से वोल्टर्सहाइम या मैत्रिणीकडच्या मेजवानीत तिची लुडविग ग्योटेन याच्याशी गाठ पडते. दोघे रात्रभर तिच्याच घरी राहतात. ग्योटेनवर पोलिसांची पाळत आहे, हे तिला ठाऊक नसते. सकाळी सशस्त्र पोलीस घरात घुसतात, तेव्हा तो निसटलेला असतो. इमारतीतील हवेच्या बोगद्यांतून बाहेर पडण्याची वाट तिनेच त्याला दाखवलेली असते.

येथून तिच्या चौकशीला आणि त्याबरोबरच 'दी त्साइटुंग', म्हणजे 'वर्तमानपत्र', एवढेच नाव असलेल्या दैनिकाच्या मोहिमेला आरंभ होतो. वार्ताहर वेर्नर ट्योटगेस तिच्या ओळखीच्या प्रत्येकाला गाठतो. बर्फाच्या सुट्टीवर गेलेले ब्लोर्ना तिचे वर्णन हुशार आणि शांत डोक्याची असे करतात. छापून येते ते थंड रक्ताची आणि डावपेची असे. खेड्यातील धर्मगुरूच्या तोंडून तिचे दिवंगत वडील छुपे कम्युनिस्ट ठरतात. ट्योटगेस रंगाऱ्याच्या वेषात रुग्णालयात शिरून कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या तिच्या आईपर्यंत पोचतो. आई थोड्याच वेळात मरण पावते. तिने विव्हळून विचारलेला प्रश्न वर्तमानपत्रात मुलीला दिलेल्या दोषाच्या स्वरूपात छापला जातो. साध्या माणसांना आपले म्हणणे नीट मांडायला मदत केली, असे समर्थन तो त्यावर करतो.

निनावी पत्रे, अश्लील दूरध्वनी आणि शेजाऱ्यांच्या नजरा यांनी काटारीनाचे घर परके होते. जपून मांडलेल्या त्याच घराच्या भिंतींवर ती बाटल्या फोडते. दरम्यान ग्योटेन पकडला जातो. तो लपलेला असतो तो आलोइस श्ट्रॉयब्लेडर या उद्योगपतीच्या बंगल्यात. काटारीनाच्या मागे लागलेल्या या गृहस्थाने बंगल्याची किल्ली तिच्यावर लादलेली असते. रविवारी मुलाखतीच्या निमित्ताने ट्योटगेस तिच्या घरी येतो आणि ओंगळ भाषेत शरीरसुखाची मागणी करतो. ती त्याला गोळ्या घालते. त्यानंतर काही तास ती शहरात पश्चात्ताप शोधत हिंडते, तो सापडत नाही, आणि संध्याकाळी म्योडिंग या पोलीस अधिकाऱ्याच्या दारात जाऊन ती स्वतःला अटक करवून घेते.

सर्वांत मोठा उपरोध शेवटी उलगडतो. ज्याला दरोडेखोर आणि खुनी म्हणून रंगवण्यात आले, तो ग्योटेन लष्करातून पळालेला व तिजोरी लुटलेला सैनिक निघतो. दहशतवादाशी त्याचा काही संबंध सिद्ध होत नाही.

रचना आणि निवेदन

कादंबरी ५८ लहान प्रकरणांत विभागलेली आहे. निवेदक निनावी आहे. पोलिसांचे जबाब, वकिलांचे बोलणे आणि इतर साधने पडताळून तो अहवाल लिहितो. खून कोणी केला हे आरंभीच सांगितले जाते. त्यामुळे 'पुढे काय' या कुतूहलाची जागा 'हे असे का झाले' या प्रश्नाला मिळते. माहितीच्या निरनिराळ्या ओघांना एकत्र आणण्याच्या आपल्या कामाची तुलना निवेदक साचलेल्या पाण्याचा निचरा करण्याशी करतो.

हा कोरडा, सावध अहवाल आणि 'त्साइटुंग'मधील भडक मजकूर हे शेजारी ठेवल्याने वाचकाला एकाच घटनेच्या दोन भाषा दिसतात. निवेदक कोठेही आवाज चढवत नाही. कादंबरीतील औपरोधिक विनोदही याच संयमातून निर्माण होतो.

कादंबरीच्या आरंभी ब्योल यांनी एक टीप दिली आहे. पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत, असे सांगणाऱ्या नेहमीच्या खुलाशाला त्यांनी तेथे उलटे वळण दिले. काही पत्रकारी प्रथांच्या वर्णनात 'बिल्ड'च्या प्रथांशी साम्य आढळले तर ते टाळणे शक्यच नव्हते, असा तिचा आशय आहे.

शब्दांचा प्रश्न

काटारीनाचा पहिला लढा शब्दांसाठी आहे. जबाब लिहून घेताना पोलीस तिच्या मालकांना 'चांगले' म्हणतात; ती 'दयाळू' याच शब्दावर अडून बसते. मेजवान्यांतील पुरुषांच्या वर्तनासाठी जबाबात जवळिकीचा शब्द लिहिला जातो. ती 'लगट' या अर्थाचा शब्द मागते. तिच्या मते जवळीक दोघांच्या इच्छेने होते, लगट एकच बाजू करते. या शब्दांवरून चौकशी लांबते आणि अधिकारी वैतागतात.

वरवर क्षुल्लक भासणाऱ्या या प्रसंगात कादंबरीचे मर्म आहे. एकटेपण घालवण्यासाठी पावसात मोटार घेऊन निरुद्देश हिंडणाऱ्या स्त्रीने किती अंतर कापले, याचाही हिशेब पोलीस मांडतात व त्यातून संशय उभा करतात. आपल्या आयुष्याला नाव देण्याचा हक्क काटारीनाकडून आधी जबाबात आणि मग मथळ्यात काढून घेतला जातो. उपशीर्षकात उल्लेखिलेली हिंसा पिस्तुलाच्या आधी मथळ्यातून सुरू होते, हे ब्योल यांचे प्रतिपादन आहे.

चित्रपट

कादंबरी १९७४ च्या उन्हाळ्यात 'डेअर श्पीगेल'मध्ये क्रमशः छापली गेली व कलोनच्या कीपेनहॉयर उंड विच या प्रकाशनसंस्थेने ती पुस्तकरूपाने काढली. तिचे चित्रपट रूपांतर ऑक्टोबर १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीत प्रदर्शित झाले. पटकथा व दिग्दर्शन श्लोनडोर्फ आणि फॉन ट्रोटा या तत्कालीन पतीपत्नींचे होते. अभिनेत्री म्हणून परिचित असलेल्या फॉन ट्रोटा यांचे हे दिग्दर्शनातील पदार्पण होते. श्लोनडोर्फ यांनी त्याआधी १९६६ साली रोबेर्ट मुसिल यांच्या कादंबरीवर 'डेर युंगे ट्योर्लेस' हा चित्रपट केला होता.

काटारीनाची भूमिका आंगेला विंकलर यांनी केली. पोलीस अधिकारी बाइत्समेने मारिओ आडोर्फ यांनी, ट्योटगेस डीटर लाझर यांनी, ग्योटेन युर्गन प्रोखनो यांनी, तर ब्लोर्ना दांपत्य हाइन्स बेनेंट व हानेलोरे होगर यांनी साकारले. छायालेखन योस्ट वाकानो यांचे, तर संगीत हान्स वेर्नर हेन्त्से यांचे होते. १९७६ च्या जर्मन चित्रपट पुरस्कारांत विंकलर यांना अभिनयाचा व वाकानो यांना छायालेखनाचा पुरस्कार मिळाला. 'नव जर्मन सिनेमा' या चळवळीतील चित्रपट समीक्षकांनी नावाजायचे आणि प्रेक्षकांनी पाठ फिरवायची, असा अनुभव तोवर बहुधा येत असे. या चित्रपटाला मात्र मोठा प्रेक्षकवर्ग लाभला.

कादंबरी आणि चित्रपट यांतील मुख्य फरक निवेदनाचा आहे. चित्रपटात निनावी निवेदक नाही आणि कथा कालक्रमाने पुढे सरकते. कादंबरीत वाचकाला घटनेपासून दूर उभे करून विचार करायला लावले जाते; चित्रपटात प्रेक्षक काटारीनाच्या शेजारी उभा राहतो. निवेदकाच्या उपरोधाची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे. सुरुवातीलाच ग्योटेन पाळत ठेवणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून दिसतो. पोलिसांचे चित्रण आणि वृत्तछायाचित्रकारांचे दिवे यांच्यात नायिका सतत पकडली जाते, आणि पाहणारा प्रेक्षकही त्या पाहण्यातून पूर्णपणे सुटत नाही.

चित्रपटाचा शेवट दिग्दर्शकांनी नव्याने रचला. ट्योटगेसच्या अंत्यविधीत वृत्तपत्राचा मालक, त्याच्यावर झाडलेल्या गोळ्या म्हणजे वृत्तपत्रस्वातंत्र्यावरील गोळ्या होत, अशा आशयाचे गंभीर भाषण करतो. या भाषणानंतर कादंबरीच्या आरंभीची 'बिल्ड'विषयीची टीप पडद्यावर येते.

सामाजिक टीका

कादंबरी व चित्रपट यांतील टीकेच्या पुढील बाजू अभ्यासकांनी दाखवल्या आहेत.

वृत्तपत्रे आणि घटना: १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याचे पहिले कलम मानवी प्रतिष्ठेचे रक्षण करते, तर पाचवे कलम वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी देते. हेच पाचवे कलम या स्वातंत्र्याला वैयक्तिक अब्रूच्या हक्काची मर्यादाही घालते. मालकाच्या भाषणात स्वातंत्र्याचा उच्चार आहे, मर्यादेचा नाही. काटारीना जेव्हा सरकारी वकिलांना आपले रक्षण करण्यास सांगते, तेव्हा तिला खासगी फिर्यादीचा मार्ग दाखवला जातो.

पोलीस आणि वर्तमानपत्र यांचे संगनमत: चौकशीतील तपशील दुसऱ्या दिवशीच्या अंकात दिसतात. ते बाहेर कसे जातात, याची चौकशी कोणी करीत नाही.

वर्ग: श्ट्रॉयब्लेडरसारख्या प्रतिष्ठिताचे नाव जपले जाते, मोलकरणीचे नाव चव्हाट्यावर मांडले जाते. तिची बाजू घेणाऱ्या ब्लोर्ना दांपत्याचा व्यवसायही हळूहळू बसतो.

स्त्री: तिचा घटस्फोट, तिच्याकडे येणारा पाहुणा, तिने एका रात्री घेतलेला निर्णय, हे सारे पुराव्यासारखे वापरले जाते. फॉन ट्रोटा यांच्या सहभागामुळे चित्रपटात ही बाजू अधिक ठसठशीत झाली, असे मानले जाते.

स्वागत आणि वाद

पुस्तकाला प्रचंड वाचक लाभले आणि लगेच राजकीय वादही उभा राहिला. डिसेंबर १९७४ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे संसदीय नेते कार्ल कार्स्टेन्स यांनी एका भाषणात ब्योल यांच्यावर हिंसेचे समर्थन करणारे पुस्तक लिहिल्याचा आरोप केला. ते पुस्तक ब्योल यांनी टोपणनावाने लिहिल्याचे सांगताना कार्स्टेन्स यांनी नायिकेचे नावही चुकीचे उच्चारले. न वाचता केलेल्या निंदेचा नमुना म्हणून हा प्रसंग जर्मन साहित्यव्यवहारात आजही सांगितला जातो. कार्स्टेन्स पुढे १९७९ साली राष्ट्राध्यक्ष झाले.

कादंबरीतील प्रश्न ब्योल यांच्या वाट्यालाही आला. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्लिनचे न्यायाधीश ग्युंटर फॉन ड्रेंकमान यांची हत्या झाली. त्यानंतर दूरचित्रवाणी भाष्यकार मातियास वाल्डेन यांनी ब्योल यांच्या वाक्यांचे दाखले देऊन त्यांना दहशतवादाची वैचारिक भूमी तयार करणाऱ्यांत गणले. दाखले विपर्यस्त असल्याचे सांगून ब्योल न्यायालयात गेले. १९८० साली केंद्रीय घटनात्मक न्यायालयाने, एखाद्याच्या तोंडी चुकीचे अवतरण घालणे हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भंग ठरतो, असा निर्णय दिला. १९८१ मध्ये ब्योल यांना ४०,००० मार्क नुकसानभरपाई मंजूर झाली. काटारीनाला न मिळालेला न्याय तिच्या लेखकाला मिळण्यास सात वर्षे लागली.

१९७७ साली शोधपत्रकार ग्युंटर वालराफ यांनी खोट्या नावाने 'बिल्ड'च्या हानोव्हर कार्यालयात नोकरी धरली आणि तेथील कार्यपद्धतीवर पुस्तक लिहिले. कादंबरीत कल्पनेने रंगवलेल्या वृत्तपत्रीय प्रथांची चर्चा त्यामुळे पुन्हा पेटली.

काही समीक्षकांनी पात्रे एकसुरी असल्याचा आणि लेखकाचा राग कलेवर मात करीत असल्याचा आक्षेप घेतला. दहा वर्षांनंतर लिहिलेल्या उपसंहारात ब्योल यांनी आपली कृती म्हणजे एक वादपत्रिका असल्याचे मोकळेपणाने मान्य केले. दहशतवादावरील कादंबरी म्हणून तिच्याकडे पाहणे मात्र त्यांना मान्य नव्हते.

इतर रूपांतरे

फॉन ट्रोटा यांनी १९७६ साली या कथेचे नाट्यरूपांतर केले. १९८४ साली अमेरिकेत मार्लो थॉमस व क्रिस क्रिस्टोफरसन यांच्या भूमिका असलेला, अमेरिकी पार्श्वभूमीवरील दूरचित्रवाणीपट निघाला. टिलो मेडेक यांनी रचलेली संगीतिका १९९१ साली रंगभूमीवर आली. कादंबरीचा इंग्रजी अनुवाद लीला व्हेनेविट्झ यांनी केला आहे.

युद्धोत्तर जर्मन साहित्य आणि चित्रपट

साहित्यकृतीच्या आधारे समाजाला जाब विचारण्याची परंपरा जर्मन चित्रपटात युद्धानंतर लगेच सुरू झाली, परंतु तिची वाट सरळ नव्हती. वोल्फगांग बोर्खेर्ट यांच्या, युद्धावरून परतलेल्या सैनिकाला कोणीच दार उघडत नाही अशा आशयाच्या नाटकावर १९४९ साली 'लीबे ४७' हा चित्रपट निघाला. त्याचे दिग्दर्शक वोल्फगांग लीबेनाइनर यांनीच नाझी काळात, असाध्य रुग्णांच्या हत्येचे समर्थन करणारा 'इश क्लागे आन' (१९४१) हा प्रचारपट केला होता. मानफ्रेड ग्रेगोर यांच्या कादंबरीवरील बेर्नहार्ड विकी यांच्या 'दी ब्र्युके' (१९५९) या चित्रपटाने युद्धाच्या अखेरच्या दिवसांत एका निरर्थक पुलासाठी मरणारी शाळकरी मुले दाखवली.

२८ फेब्रुवारी १९६२ रोजी २६ तरुण चित्रपटकर्मींनी ओबरहाउझेन येथे जुन्या चित्रपटाचा अंत झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर याँ-मारी श्ट्राउब व दान्येल युइये यांनी ब्योल यांच्या साहित्यावर 'माखोर्का-मुफ' (१९६३) आणि 'निश्ट फेरझ्योन्ट' (१९६५) हे चित्रपट केले. पहिल्यात पश्चिम जर्मनीच्या पुनःशस्त्रीकरणावर उपरोध आहे, तर दुसऱ्यात तीन पिढ्यांमधून वाहत आलेल्या अपराधभावाचा मागोवा आहे. ग्युंटर ग्रास यांच्या 'दी ब्लेखट्रोमेल' (१९५९) या कादंबरीवर श्लोनडोर्फ यांनी १९७९ साली काढलेल्या चित्रपटाला कान महोत्सवात 'अपोकॅलिप्स नाऊ'बरोबर विभागून सर्वोच्च पारितोषिक व पुढे परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. आडोर्फ, विंकलर आणि बेनेंट हे काटारीनाच्या चित्रपटातील तीन कलावंत त्यातही आहेत.

पूर्व जर्मनीत टीकेची किंमत वेगळी होती. क्रिस्टा वोल्फ यांच्या कादंबरीवरील कोन्राड वोल्फ यांचा 'डेर गेटाइल्टे हिमेल' (१९६४) देशाच्या फाळणीने दुभंगलेल्या प्रेमाविषयी आहे. एरिक नॉइच यांच्या कादंबरीवरील फ्रांक बायर यांचा 'श्पूर डेर श्टाइने' १९६६ साली प्रदर्शनानंतर थोड्याच दिवसांत मागे घेण्यात आला आणि १९८९ पर्यंत प्रेक्षकांपासून दूर राहिला. बायर यांनीच युरेक बेकर यांच्या कादंबरीवर केलेला 'याकोब डेर ल्युग्नर' (१९७४) हा ऑस्करसाठी नामांकन मिळालेला एकमेव पूर्व जर्मन चित्रपट ठरला.

१९७७ च्या शरद ऋतूतील दहशतवादी घटनांनंतर अनेक दिग्दर्शकांनी मिळून 'डॉइचलांड इम हर्ब्स्ट' (१९७८) हा चित्रपट केला. त्यातील एक भाग ब्योल यांनी लिहिला व श्लोनडोर्फ यांनी दिग्दर्शित केला. सोफोक्लीसचे 'अँटिगनी' हे नाटक प्रसारित करावे की नाही, यावर दूरचित्रवाणीचे अधिकारी खल करतात व अखेर ते लांबणीवर टाकतात, असा त्याचा विषय आहे. त्यात अँटिगनी झाल्या आहेत आंगेला विंकलर.

महत्त्व

ही कादंबरी जर्मन शाळांमध्ये दीर्घकाळ अभ्यासली जात आहे. ब्योल यांचे १६ जुलै १९८५ रोजी निधन झाले. पुढे माध्यमांचे स्वरूप बदलले, तरी पुस्तक वाचकांतून गेले नाही. निकालाआधी बदनामी, तोडमोड केलेली अवतरणे आणि निनावी शिव्याशाप यांची चर्चा जेथे होते, तेथे काटारीना ब्लूमचे नाव जर्मन भाषेत दाखल्यासारखे घेतले जाते. खून क्षम्य आहे, असे कादंबरी किंवा चित्रपट सांगत नाही. काटारीना स्वतःही शिक्षा नाकारत नाही. ग्योटेन आणि ती, दोघे सुटकेनंतर खाणावळ काढण्याचे बेत आखतात. ज्यांनी तिची अब्रू घेतली त्यांच्यावर मात्र कोणताही खटला उभा राहत नाही.